लामूच्या गाढव-दवाखान्यात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

केनियाच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या लामू बेटावर मोटारी जवळजवळ नाहीत. शहराच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून ओझे घेतलेले गाढव आले तर माणसाला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. धक्क्यावर शिडाच्या होड्यांतून उतरणारी वाळू, सिमेंट, प्रवाळाचे दगड आणि धान्याची पोती गाढवांच्याच पाठीवरून घरोघर पोहोचतात. २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या या जुन्या स्वाहिली शहराची बांधकामे, दुकाने आणि चुली या जनावरांच्या कष्टावर चालतात. १९८७ मध्ये डॉ. एलिझाबेथ स्वेन्डसन यांच्या ‘द डाँकी सँक्चुअरी’ या ब्रिटिश संस्थेने येथे गाढवांवर मोफत उपचार करण्याचे काम सुरू केले, आणि तेव्हापासून धक्क्यालगतचा गाढवांचा दवाखाना हा या शहराचा एक भागच झाला आहे.

पशुवैद्यकशास्त्राचे विद्यार्थी, नुकतेच पदवीधर झालेले तरुण आणि नैरोबी किंवा मोंबासा येथे राहणारी व अशा कामात हात लावू इच्छिणारी मराठी मंडळी यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. लामूचे उदाहरण घेतले असले तरी पूर्व आफ्रिकेतील कोणत्याही गाढव-दवाखान्यात यातील बहुतेक गोष्टी उपयोगी पडतील. संस्थेगणिक कार्यपद्धतीत थोडा फरक असतो आणि तेथील वरिष्ठ जे सांगतील तेच अंतिम मानावे. एक गोष्ट मात्र आरंभीच मनाशी पक्की करावी. या दवाखान्यात येणारी बहुतेक दुखणी ओझे, दोरी आणि पालाण (ओझ्याखाली पाठीवर घालायचे खोगीर) यांतून जन्मलेली असतात, त्यामुळे उपचार जनावरावर होत असले तरी ते बरे राहणे मालकाच्या हातात असते.

निघण्यापूर्वी

केनियात प्रवेशासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी घ्यावी लागते. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर काम करता येत नाही, मग ते काम बिनपगारी का असेना. म्हणून स्वयंसेवेसाठी लागणारा पास यजमान संस्थेमार्फत आधीच मिळवावा आणि त्याची लेखी खात्री झाल्याशिवाय तिकीट काढू नये. पशुवैद्यकांसाठी आणखी एक अट आहे. २०११ च्या कायद्यानुसार तेथे जनावरांवर उपचार करण्यासाठी केनिया व्हेटरिनरी बोर्डाची नोंदणी आवश्यक असते, आणि भारतातील पदवी कितीही चांगली असली तरी तिच्या बळावर थेट सुई हातात घेता येत नाही. नोंदणी नसलेल्यांनी जनावर धरणे, जखम धुणे, नोंदी ठेवणे आणि मालकांशी बोलणे ही कामे करावीत. ती कामे कमी महत्त्वाची नाहीत.

केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ही लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. याशिवाय धनुर्वाताची मात्रा चालू आहे ना हे पाहावे, रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घ्यावी आणि हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लामूच्या मुख्यभूमीवरील रस्त्यांवर यापूर्वी दहशतवादी हल्ले झालेले आहेत, त्यामुळे बहुतेक बाहेरचे लोक विमानाने शेजारच्या मांडा बेटावर उतरून होडीने लामूला येतात. नव्याने जाणाऱ्यांनीही तेच करावे आणि निघण्यापूर्वी भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचाव्यात.

हाताला गाढवाची सवय मात्र महाराष्ट्रातच करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री भरपूर हाताळायला मिळतात, पण गाढव क्वचितच टेबलापर्यंत येते. सांगली, सोलापूर आणि सातारा या भागांत कष्टकरी जनावरांसाठी काम करणाऱ्या ‘अ‍ॅनिमल राहत’सारख्या संस्थेबरोबर काही दिवस काढता आले तर उत्तम. पौष पौर्णिमेला जेजुरीत भरणाऱ्या गाढवांच्या बाजारात एक दिवस नुसते उभे राहिले तरी बरेच कळते. जाणकार खरेदीदार दात कसे पाहतो, पाय कसा उचलतो, पाठीवरून हात कोठून कोठे फिरवतो, हे लक्षपूर्वक पाहावे.

पहिले काही दिवस: ऐकणे आणि पाहणे

लामूतील बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. अंगभर साधे कपडे घालावेत, शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी कोणाला खोळंबून ठेवू नये आणि रमजानच्या महिन्यात कामाचे तास बदलतात हे गृहीत धरावे. वडीलधाऱ्या माणसाला ‘शिकामू’ म्हणून वंदन करावे, त्यावर ‘मराहाबा’ असे उत्तर येते. वयस्कर पुरुषाला ‘म्झे’ आणि मुलाबाळांच्या आईला ‘मामा’ म्हणतात. गाढवाला पुंडा, जखमेला किडोंडा, ओझ्याला म्झिगो, पोटाला टुंबो आणि खुराला क्वाटो हे शब्द पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यावेत. एखाद्याचे जनावर आजारी असेल तर आधी ‘पोले’ म्हणून सहानुभूती व्यक्त करावी आणि मगच प्रश्न विचारावेत. या एका शब्दाने पुढचे संभाषण पुष्कळ सोपे होते.

दवाखान्याचा दिवस ऊन चढण्याआधी सुरू होतो. आदल्या दिवशी ठेवून घेतलेल्या जनावरांनी रात्रभरात किती खाल्ले, शेण कसे टाकले आणि पाणी प्याले का, हे सर्वांत आधी पाहायचे असते. ठाण झाडणे, पाण्याच्या टाक्या घासून भरणे आणि वैरण घालणे ही कामे नवख्याकडे येतात. ती करताना प्रत्येक जनावराकडे लक्ष ठेवावे, कारण पशुवैद्य आल्यावर विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाडू हातात असलेल्या माणसाकडेच असते.

गाढवाजवळ जाणे आणि तपासणे

गाढव दुखणे लपवते. घोडा पोटशुळाने लोळेल, पाय आपटेल, घामाघूम होईल. तेवढ्याच वेदनेत गाढव मान खाली घालून एका जागी स्तब्ध उभे राहते, आणि नवखा माणूस त्याला गरीब स्वभावाचे समजून पुढे जातो. म्हणून तपासणीची सुरुवात हात न लावता, थोड्या अंतरावरून करावी. कान कोणत्या दिशेला आहेत, चारही पायांवर भार सारखा आहे का, एखादा पाय वारंवार उचलून ठेवते का, समोर ठेवलेल्या वैरणीला तोंड लावते की नुसतेच हुंगते, हे मिनिटभर पाहावे. खाणे सोडलेले गाढव ही तातडीची बाब असते. उपाशी गाढवाच्या शरीरातील चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होऊ लागते आणि जनावर काही दिवसांतच दगावू शकते. त्यामुळे ‘उद्या बघू’ असे या बाबतीत कधीही म्हणू नये.

जवळ जाताना समोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे आणि पहिला हात मानेच्या बुडाशी ठेवावा. कान पिरगाळून धरण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती आपण वापरू नये. मोरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) घालून एकाने डोके सांभाळावे आणि दुसऱ्याने तपासावे. गाढवांची जोडी घट्ट असते. जोडीदारापासून तोडलेले जनावर घाबरते आणि खाणे टाकते, म्हणून आजारी गाढवाबरोबर त्याचा सोबती आला असेल तर त्यालाही शेजारी बांधू द्यावे, जागा अपुरी असली तरी.

प्रौढ गाढवाचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला सुमारे ४४ आणि श्वास सुमारे २० असतात. उन्हात ओझे वाहून आलेल्या जनावराला अर्धा तास सावलीत उभे करून मगच हे मोजावे. हिरड्या गुलाबी व ओल्या आहेत का हे पाहावे. बोटाने दाबून सोडल्यावर तेथील रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. मग दोन्ही कुशींना कान किंवा स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकावा. शेवटी बरगड्या, पाठीचा कणा आणि ढुंगणाची हाडे हाताने चाचपून शरीरयष्टीला १ ते ५ पैकी गुण द्यावेत. केसांमुळे नजर फसते, हात फसत नाही.

जखम आणि तिच्यामागची दोरी

एक नेहमी येणारे उदाहरण घेऊ. मालक गाढव घेऊन येतो. खांद्यामागच्या उंचवट्यावर तळहाताएवढी जागा सोलवटलेली असते, मध्यभागी पिवळट पू, कडेला केस चिकटून कडक झालेले आणि त्यावर माश्या. पुष्कळदा जखमेवर इंजिनचे वापरलेले तेल किंवा राख लावलेली असते, कारण माश्या दूर ठेवण्याचा तोच उपाय मालकाला ठाऊक असतो. त्याबद्दल त्याला रागावू नये. त्याने आपल्या परीने उपचारच केलेला असतो.

प्रथम जखमेभोवतीचे केस कात्रीने कापावेत. मग उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवून, मोठ्या पिचकारीने किंवा झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीने जखम वरून खाली धुवावी. घाई करू नये, कारण जखमेतील घाण पाण्याच्या धारेने निघून जाणे हाच या उपचाराचा गाभा आहे. किडे पडले असतील तर ते चिमट्याने एकेक काढावेत. जखम किती खोल आहे, हाडापर्यंत पोहोचली आहे का, बाजूला पोकळी झाली आहे का, हे पशुवैद्याला दाखवावे. वेदनाशामक, प्रतिजैविक आणि धनुर्वाताची मात्रा यांचा निर्णय त्याचाच असतो. गाढवाचे शरीर कित्येक औषधे घोड्यापेक्षा वेगळ्या गतीने वापरते, त्यामुळे घोड्याच्या मात्रेवरून अंदाज बांधू नये. पावसाळ्यात वारंवार चिघळणाऱ्या, आत पिवळे खडे दिसणाऱ्या जखमा माश्यांनी आणलेल्या जंतांच्या अळ्यांमुळे असू शकतात, आणि त्या नुसत्या मलमाने बऱ्या होत नाहीत.

जखम धुऊन झाली की निम्मे काम झाले. आता मालकाला पालाण आणायला सांगावे आणि ते जखमेजवळ धरून पाहावे. जखमेच्या जागी नेमकी गाठ, शिवण, मुडपलेला कोपरा किंवा दोरीचा पीळ सापडतो, आणि तो मालकाला स्वतःच्या बोटाने चाचपू द्यावा. लामूत दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणींतून ओझे वाहतात. गोणींचा सगळा भार कण्यावर आला की कातडी घासते, म्हणून कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक जाड गादी असावी आणि मधोमध कण्यावर मोकळी पन्हळ राहावी. गादीसाठी जुनी सुती चादर, घोंगडी किंवा काथ्या भरलेले गोणपाट चालते. प्लास्टिकची पोती वापरू नयेत, कारण त्याखाली घाम साचतो आणि कातडी नरम पडून लगेच सोलते. ओझे चढवल्यावर गादीखाली कण्यावरून सपाट हात सहज सरकला पाहिजे. शेपटीखालून जाणाऱ्या दोरीला चिंधी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड करावी. रात्री पाय बांधण्यासाठी नायलॉनची बारीक सुतळी वापरली जात असेल तर त्याऐवजी रुंद पट्टा सुचवावा. या साऱ्याला खर्च जवळजवळ नसतो. दवाखान्यात सुई-दोरा, काथ्या आणि जुन्या चादरींचा साठा ठेवून मालकाबरोबर तेथेच बसून गादी शिवून दिली, तर ती गाढवाच्या पाठीवर दिसण्याची शक्यता कितीतरी वाढते.

जखम भरेपर्यंत ओझे नको, असे सांगणे सोपे असते. पण ज्या घराची रोजची कमाई एका गाढवावर आहे त्या घराला तो सल्ला पेलत नाही, आणि मालक मान डोलावून दुसऱ्या दिवशी ओझे लादतो. म्हणून त्याला आधी विचारावे: दुसरे गाढव आहे का, भावाचे किंवा शेजाऱ्याचे चार दिवस मिळेल का, जखमेला न टेकणारे हलके काम देता येईल का? यांपैकी काहीच शक्य नसेल तर जनावर दवाखान्यात ठेवून घेण्याचा प्रस्ताव वरिष्ठांपुढे ठेवावा.

ओझ्याच्या वजनाबद्दलही आकड्यांत बोलावे. पाठीवरच्या ओझ्यासाठी जनावराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश ही वरची मर्यादा धरली जाते. छातीचा घेर टेपने मोजून तक्त्यावरून वजन काढता येते. समजा गाढव १२० किलोचे भरले, तर मर्यादा ४० किलोची होते. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. दोन्ही बाजूंना एकेक पोते लादणे हे त्या जनावराच्या ताकदीच्या कितीतरी पलीकडचे आहे, आणि एक पोतेसुद्धा दोन गोणींत विभागून, तेही दोन खेपांत न्यायला हवे. हे मालकाइतकेच बांधकामाच्या मुकादमालाही समजावावे लागते, कारण मजुरी खेपेवर ठरते आणि ती ठरवणारा मुकादम असतो.

खूर, दात, पोट

खुरांची काळजी नियमाने घ्यावी लागते. साधारण ६ ते १० आठवड्यांनी खूर तासावेत. पाय उचलून आतली घाण टोकदार हुकाने टाचेकडून पुढच्या टोकाकडे काढावी आणि खडे, काचा किंवा खिळे रुतलेले नाहीत ना हे पाहावे. तासणे मात्र शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे, कारण जास्त तासलेला खूर जनावराला महिनोन्महिने लंगडत ठेवतो. दातांची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. खाताना घास तोंडातून पडणे किंवा एकाच बाजूने चावणे ही दातांच्या टोकदार कडांची खूण असते. जंताच्या औषधाच्या मोहिमा ठरलेल्या काळात निघतात. त्या वेळी प्रत्येक जनावराचे वजन काढूनच मात्रा द्यावी, कारण अंदाजाने दिलेली अपुरी मात्रा जंतांना औषध पचवायला शिकवते.

पोटशूळ हे लामूतील मोठे दुखणे आहे. काम संपल्यावर गाढवे गल्ल्यांत मोकळी फिरतात आणि कचऱ्याच्या ढिगांतून भाजीची देठे व पुठ्ठे खाताना प्लास्टिकही गिळतात. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी घातली तरी इतर वेष्टने आणि जुना कचरा शिल्लकच आहे. आतड्यात अडकलेला प्लास्टिकचा बोळा बाहेरून दिसत नाही. शेण थांबणे, खाणे सुटणे, कुशीकडे मान वळवून पाहणे आणि आतड्याचा आवाज बंद होणे ही लक्षणे दिसताच तोंडात तेल ओतण्यासारखे घरगुती उपाय थांबवावेत, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते, आणि पशुवैद्याला तत्काळ बोलवावे. रात्री गाढव आवारात बांधून ठेवण्याचा सल्ला मालकाला देताना सोबत वैरणीची सोय काय, हेही बोलावे. नुसते बांधलेले गाढव उपाशी राहते.

होडीचे दिवस

ठरावीक दिवशी पथक पाटे, सियू, फाझा आणि मांडा येथील गाढवांसाठी होडीने जाते. वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे पहाटेची निघण्याची वेळ चुकवू नये. औषधांच्या पेट्या जलरोधक पिशव्यांत भराव्यात, थंड ठेवायच्या लसी बर्फाच्या डब्यात वेगळ्या ठेवाव्यात आणि पिण्याचे पाणी आपले आपण न्यावे. गावात पोहोचल्यावर आधी गावच्या वडीलधाऱ्यांची भेट घ्यावी. खुंट्या ठोकून, दोरी बांधून एकाच दिशेने पुढे सरकणारी रांग करावी, कारण मोकळ्या मैदानात जमलेली अनेक अनोळखी नर गाढवे एकमेकांवर धावून जातात.

प्रत्येक जनावराची नोंद जागच्या जागी करावी. मालकाचे नाव व वस्ती, जनावराचे वय, लिंग, रंग आणि कानावरची खूण, तपासणीत काय दिसले, काय दिले, पुन्हा केव्हा पाहायचे, हे सगळे तीत यावे. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद विश्वासाची नसते. एकाच वस्तीतून वारंवार तशाच जखमा येत असतील तर ते या वहीतूनच कळते, आणि मग त्या वस्तीत पालाण शिवण्याचा वर्ग घेता येतो.

अवघड निर्णय

काही जनावरे वाचत नाहीत. तुटलेला पाय किंवा न सुटणारा आतड्याचा अडथळा यांत वेदनामुक्त मरण देणे हेच उरते. तो निर्णय पशुवैद्य सुचवतो, संमती मालकाची घ्यावी लागते, आणि त्याला घरच्यांशी बोलायला वेळ द्यावा लागतो. सोबती गाढवाला मृतदेहाजवळ काही वेळ थांबू द्यावे. तसे न केल्यास ते जोडीदाराला शोधत ओरडत राहते. मृतदेह खोल पुरावा, कारण दिलेले औषध मांसात उरते आणि ते खाणारी जनावरेही मरतात. लामूला पिण्याचे पाणी शेला येथील वाळूच्या टेकड्यांखालून मिळते, म्हणून तो भाग आणि विहिरी कटाक्षाने टाळाव्यात.

कातडीच्या व्यापाराची माहितीही ठेवावी. गाढवाच्या कातडीपासून चीनमध्ये ‘अजियाव’ नावाचे औषधी जिलेटीन बनते, आणि त्या मागणीसाठी केनियात २०१६ पासून परवानाधारक कत्तलखाने सुरू झाले. रातोरात गाढवे चोरीला जाऊ लागली. देशातील गाढवांची संख्या २००९ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे १२ लाखांवर आली. सरकारने २०२० मध्ये कत्तलीवर बंदी घातली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने संपूर्ण खंडासाठी कातडीकरिता होणाऱ्या कत्तलीवर बंदी स्वीकारली. ज्या बाईचे गाढव चोरीला गेले तिला पाणी आणि सरपण स्वतःच्या डोक्यावर वाहावे लागते. मालकाने चोरीची शंका सांगितली तर जनावराची दवाखान्यातील नोंद, कानाची खूण आणि छायाचित्र पोलिसांना देण्यासाठी काढून द्यावे. समाजमाध्यमांवर आपण होऊन काही लिहू नये.

परत निघताना

शेवटच्या आठवड्यात नवीन जबाबदारी अंगावर घेऊ नये. तुमच्या देखरेखीखालच्या प्रत्येक जनावराची एक यादी करावी. जखम कोणत्या टप्प्यावर आहे, पट्टी केव्हा बदलायची, मालकाने गादी वापरायला सुरुवात केली का, कोणाच्या घरी पुन्हा जायचे राहिले आहे, हे सगळे तीत असावे. ती यादी तेथील सहकाऱ्याबरोबर ठाणात उभे राहून, जनावरागणिक वाचून द्यावी, आणि शक्य असेल तर त्या मालकांची त्याच्याशी समोरासमोर गाठ घालून द्यावी.